पावती, टॅग आणि रिकामी पिशवी

प्रेरणामहर्षी, जीवनशिल्पकार, आंतरराष्ट्रीय कीर्तीचे वक्ते यांना,



हा कोण पत्र लिहिणारा, असं तुम्हाला वाटेल. रविवार, २३ फेब्रुवारी २०२५. पहाटे शेगाव स्टेशनावर गुच्छ घेऊन, क्लबची पिन उलटी लावून जो माणूस उभा होता, तो मी. तुम्ही मला ड्रायव्हर समजून मागच्या सीटवर बसलात आणि एसी वाढवायला सांगितलंत. मी वाढवला. माझं खामगावात कृषी केंद्र आहे. बावीस वर्षं बियाणं, खतं, औषधं विकतोय आणि सात वर्षांपासून एका सेवा क्लबाचा सभासद आहे. क्लबाचं नाव लिहीत नाही, तुमचंही लिहीत नाही. फुकट जाहिरात कुणाची करू नये, एवढं दुकानात बसून शिकलोय.

पत्र तक्रारीचं आहे. आमच्या धंद्यात बियाणं उगवलं नाही तर शेतकरी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज देतो. सोबत तीन वस्तू लागतात: खरेदीची पावती, पिशवीवरचा टॅग आणि रिकामी पिशवी. मग तालुक्याची समिती शेतात येते, ओळीत किती रोपं निघाली ते मोजते, पंचनामा होतो. बावीस वर्षांत अशा पंचनाम्यांना मी नेहमी विक्रेत्याच्या बाजूनं उभा राहिलो. यंदा पहिल्यांदाच बांधाच्या पलीकडे आलोय. तुम्ही आमच्या संमेलनात पावणेदोन तास जे पेरून गेलात, ते उगवलेलं नाही.

पावती आमच्या खजिनदारांकडे आहे. आकडा इथं लिहीत नाही, कारण हे पत्र सभासदांच्या घरीही वाचलं जाईल आणि घरोघर आधीच पुरेशी भांडणं आहेत.

टॅगबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे. पिशवीला निळा टॅग असेल तर ते प्रमाणित बियाणं. म्हणजे कुणीतरी त्रयस्थ माणूस शेतात जाऊन उभं पीक बघून आला, प्रयोगशाळेत उगवण तपासली, मग टॅग मिळाला. हिरवा टॅग म्हणजे सत्यप्रत. तिथं कंपनीच छातीवर हात ठेवून सांगते की आमचा माल चांगला आहे. तुमचा परिचय हिरव्या टॅगचा होता. तुम्हीच लिहून पाठवलेली दोन पानं सूत्रसंचालिकेनं अकरा मिनिटं वाचली. लाखो आयुष्यं बदलली, असं त्यात होतं. त्या लाखांतला एखादा नाव-गावासकट असता तर बरं झालं असतं. आम्ही सोयाबीनलासुद्धा लॉट नंबर विचारतो. आणि ‘इम्पॅक्ट’ हा शब्द चार वेळा होता. मी बोटं मोजली.

महोदय, इम्पॅक्ट या विषयात बुलढाणा जिल्ह्याला शिकवायला येऊ नये. आमच्याकडे लोणारला एक इम्पॅक्ट झालेला आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर दर्जा मिळाला, जगभरचे शास्त्रज्ञ बघून गेले. बाहेरून आलं, प्रचंड वेगात आलं, कुणाची विचारपूस न करता आदळलं. मागे राहिला तो खड्डा आणि खड्ड्यात खारं पाणी. क्लबाचं पासबुक उघडलं की मला लोणारच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटतं. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं. आमच्या खजिनदारांचा चेहरा हल्ली त्याच रंगाचा असतो. उल्केची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. तिनं वातानुकूलित पहिल्या वर्गाचं परतीचं तिकीट मागितलं नव्हतं.

आता तुमच्या भाषणाकडे येतो. त्याआधी सभागृहात कोण कुठं बसलं होतं ते सांगायला हवं, कारण डोळ्यांवर लाइट असल्यानं तुम्हाला दिसलं नसेल. पहिल्या दोन रांगा सोफ्याच्या, तिथं कॉलरवाले. कॉलर म्हणजे अध्यक्षांच्या गळ्यातली ती पदकांची माळ. त्यामागे सभासद, सभासदांच्या सौ., त्यामागे कंटाळलेली मुलं. आणि अगदी शेवटच्या रांगेत, कूलरचा वारा पोचत नाही तिथं, सात बाया. शिलाई मशीन वाटपाच्या. सहा संग्रामपूर तालुक्यातल्या, एक शेगाव तालुक्यातली. सगळ्यांचे नवरे गेलेले. कुणाचा कर्जापायी, कुणाचा किडनीच्या आजारानं. सकाळी दहाला या म्हटलं म्हणून त्या साडेनऊला आल्या होत्या. वाटप साडेअकराला होतं. पण दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांचं स्वागत, स्वागताचं स्वागत, प्रोटोकॉलप्रमाणे क्लबाच्या प्रत्येक माजी डिस्ट्रिक्ट गव्हर्नरचा उल्लेख, असं करत जेवणाची वेळ झाली. मग ठरलं की मशीनवाटप तुमच्या भाषणानंतर करू, म्हणजे फोटोत तुम्हीही याल.

तुम्ही चारला उभे राहिलात. हातात अर्ध्या पाण्याचा ग्लास होता. हा ग्लास अर्धा भरलेला आहे की अर्धा रिकामा, असा प्रश्न टाकलात आणि कान पुढे करून उत्तराची वाट बघत राहिलात. पुढचे लोक म्हणाले, भरलेला! तुम्ही खूश. मागच्या रांगेतून काहीच आलं नाही. त्या बाया पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातल्या आहेत. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे. बोअर मारला तरी खारं, विहीर खणली तरी खारं, आणि ते पिऊन पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं गावोगाव आहेत. तिथं ग्लास किती भरलाय हे कुणी विचारत नाही. पाणी गोडं आहे का, हे विचारतात. तुमचा ग्लास हॉटेलचा होता, त्यामुळे हा तिसरा पर्याय तुमच्या स्लाइडवर नव्हता.

मग गरुड आला. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात प्रेरणा पोचते तेव्हा तिच्यासोबत गरुड असतोच, जसा लग्नात बँड. चाळीस वर्षांचा झाला की गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून स्वतःची चोच फोडतो, नवी चोच येईपर्यंत थांबतो, मग नव्या चोचीनं जुनी नखं उपटतो, नव्या नखांनी जुनी पिसं उपटतो आणि पुढं तीस वर्षं दिमाखात जगतो. आमच्या क्लबात एक पशुवैद्यक आहेत. ते हे ऐकून खुर्चीत जरा हलले. पण पुढच्या वर्षी कॉलर त्यांच्या गळ्यात पडायची आहे, म्हणून पुन्हा स्थिर झाले.

चिकाटीची गोष्टच सांगायची होती तर मला गाडीत विचारायचं होतं. खामगावहून बुलढाण्याला जाताना घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. २०१९ मध्ये तिथं एक पाहुणा आला होता. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ, वनखात्याच्या कागदावर नाव टी१सी१. तो तेलंगणात शिरला, परत फिरला, कपाशीच्या शेतांतून, कालव्यांतून, महामार्ग ओलांडत १,३०० किलोमीटरहून जास्त चालून आमच्या जिल्ह्यात पोचला. हे नुसतं सांगोवांगी नाही, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, पाऊल न् पाऊल नोंदलेलं आहे. कॉलर घातल्यावर तो चालायला लागला. आमच्याकडे कॉलर घातली की माणूस सोफ्यावर बसतो. एवढा फरक सोडला तर गोष्ट आमच्या क्लबाला अगदी लागू होती. पण वाघ आमच्या जिल्ह्यातला पडला आणि गरुड आंतरराष्ट्रीय.

यानंतर तुम्ही जो विनोद केलात, त्यासाठी खरं तर वेगळा अर्ज करायला हवा. पहिल्या रांगेतल्या एका माजी गव्हर्नरांच्या डोक्याकडे बोट दाखवून तुम्ही टकलावर विनोद केलात. एक झाला, मग दुसरा, मग तिसरा. माजी गव्हर्नर सवयीप्रमाणे हसले. बाकी हॉल गप्प. तुम्हाला नवल वाटलं. पुण्यात यावर लोक लोळतात, असंही बोललात. महोदय, त्या जानेवारीतच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुळापासून सुटायला लागले होते. तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुषांचं, बायांचं, लेकरांचं. दिल्लीहून पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे, गव्हाचे नमुने गेले, सेलेनियमची चर्चा झाली. देशभरच्या वाहिन्यांवर आमचा जिल्हा दिसला तो त्या बोडक्या डोक्यांमुळे. शेगाव स्टेशनाहून येताना मी तुम्हाला हे सांगायला सुरुवात केली होती. तुम्ही म्हणालात, निगेटिव्ह न्यूज मी घेत नाही. तुमचा तिसरा विनोद सुरू असताना शेवटच्या रांगेतल्या त्या शेगाव तालुक्यातल्या बाईनं पदर कपाळाच्याही खाली ओढला. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो.

हॉल हसला नाही म्हणून तुम्ही काय केलंत? ‘बुलढाण्याची एनर्जी कमी आहे,’ असं जाहीर केलंत आणि सगळ्यांना उभं करून शेजाऱ्याचे खांदे चेपायला लावलेत. इथं मला तुमच्याबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला, कारण हे आमचंच उत्तर आहे. बियाणं उगवलं नाही की आम्ही दुकानदार काय म्हणतो? भाऊ, तुम्ही खोल पेरलं. भाऊ, ओल कमी होती. भाऊ, तुमची जमीनच चोपण. बियाण्याकडे बोट जाता कामा नये, हा या धंद्यातला पहिला धडा आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला गिरवलाय. मी निदान हे शेतकऱ्याला बाजूला घेऊन, चहा पाजून सांगतो. तुम्ही माइकवरून सांगितलंत.

आणि शेवटी संयम. यश एका रात्रीत मिळत नाही, थांबायला शिका! हे कुणाला सांगितलंत? खामगाव-जालना रेल्वे व्हावी म्हणून हा भाग शंभर वर्षांहून जास्त काळ वाट बघतोय. इंग्रजांच्या काळापासून सर्वेक्षणं चालू आहेत. आजोबांनी निवेदन दिलं, बापानं उपोषण केलं, नातू व्हॉट्सअॅपवर हॅशटॅग चालवतो. संयमाच्या विषयात आम्हाला मानधन देऊन पुण्याला बोलवायला हवं.

तक्रार एकतर्फी नको, म्हणून माझी बाजूही सांगतो. तुम्हाला बोलवणाऱ्या समितीत मी होतो. बैठकीत मी एक नाव सुचवलं होतं, माणसाचं नाही, गावाचं. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड. जिजाऊंचं सिंदखेड राजा वेगळं, हे छोटं. २०१८ च्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत या गावानं राज्यात दुसरं बक्षीस विभागून मिळवलं. एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवसांच्या स्पर्धेत गावानं टिकाव-फावडं चालवलं, चर खोदले, बांध घातले. म्हटलं, तिथल्या कुणातरी बाईमाणसाला, गड्यामाणसाला बोलावू, दोन शब्द सांगायला. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेनं ‘सुजलाम सुफलाम’ म्हणून जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ जेसीबीनं काढायला घेतला होता. त्या मशीनवरचा एखादा ऑपरेटरही चालेल, असं म्हणालो. समितीत शांतता पसरली. मग एकानं विचारलं, त्यांच्याकडे पीपीटी आहे का? दुसरा म्हणाला, आपल्याच माणसाला ऐकायला रजिस्ट्रेशन कोण भरणार? तिसऱ्यानं मोबाइलवर तुमचा व्हिडिओ लावला. त्यात पाच हजार लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मत घेतलं तेव्हा मीही हात वर केला. पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा, असं मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. स्वतःच्या क्लबासाठी पिशवीवरचं चित्र बघून बॅग उचलली.

मंचावर दिवा लागला तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘सांगा, आज तारीख काय आणि तिचं महत्त्व काय?’ आम्ही काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, ‘आज तुमच्या नव्या आयुष्याचा पहिला दिवस आहे!’ टाळ्या पडल्या. तारीख २३ फेब्रुवारी होती. १९०५ साली याच तारखेला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तीन मित्रांना घेऊन एका ऑफिसात बसला आणि सेवा क्लब नावाची जात जन्माला आली. चार माणसं, चार खुर्च्या. फ्लेक्स नव्हता, सॅश नव्हती. त्या रोटरी क्लबानं गावासाठी म्हणून जी पहिली कामं हाती घेतली, त्यांत शहराच्या मध्यावर सार्वजनिक शौचालय व्हावं यासाठीची खटपट होती. १८७८ साली याच तारखेला आमच्या शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. आणि १८७६ साली याच तारखेला तिकडं अमरावतीकडच्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले. शौचालय, शितं आणि खराटा, अशी या तारखेची कुंडली आहे. त्या दिवशी दुपारी आमच्या बुफेच्या टबात किती पनीर, किती गुलाबजाम टाकलेले होते ते मी बघितलंय. शितं वेचायला कुणी आलं नव्हतं, कारण वॉचमनला तशी सूचना होती.

गाडगेबाबांना प्रेरणादायी वक्ता म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पण वक्तृत्वाचंच बोलायचं तर वऱ्हाडात त्यांच्याइतका माणूस हलवणारा दुसरा दाखवा. दिवसा गावात यायचे आणि कुणाशी न बोलता गल्ल्या झाडायला लागायचे. गाव बघत राहायचं. रात्री कीर्तनाला उभे राहायचे तेव्हा अर्धं कीर्तन झाडूनच झालेलं असायचं. मग नुसते प्रश्न. देव बकरं मागतो का? कर्ज काढून सण करता का? समोरचा माणूस उत्तर देता देता स्वतःच्याच जाळ्यात अडकायचा आणि हसायचाही. करमणूक वेगळी, प्रबोधन वेगळं, अशी दोन सत्रं नव्हती त्यात. तुमच्या येण्याआधी मंगल कार्यालय झाडलं ते कंत्राटदाराच्या माणसांनी, आणि तुम्ही उतरलात ते लाल पायघड्यांवर, म्हणजे झाडलेलंसुद्धा तुम्हाला दिसलं नाही.

तुमच्या एका स्लाइडवर हेलन केलर होत्या. फोटो आणि खाली एक वाक्य, इंग्रजीत, ‘व्हिजन’विषयी. तीन सेकंदांत त्या गेल्या आणि कुठल्यातरी कंपनीचा संस्थापक आला. मी तिथं थांबलो असतो. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथं लायन्स क्लबांचं अधिवेशन भरलं होतं, आणि त्यात हेलन केलर बोलल्या. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी ती बाई आपल्या शिक्षिकेला सोबत घेऊन उभी राहिली आणि तिनं त्या कोटवाल्या पुरुषांना सरळ काम सांगितलं: आंधळ्यांसाठी उभे राहा. भाषण छोटंसंच. लायन्सनी ते काम उचललं आणि शंभर वर्षं झाली, सोडलेलं नाही. आमच्या खेड्यापाड्यांत मोतीबिंदूच्या शिबिरात एखाद्या म्हातारीच्या डोळ्यावरची पट्टी सुटते आणि ती नातवाचं तोंड बघते, त्याचा एक धागा त्या भाषणाला जाऊन मिळतो. सेवा क्लबाच्या संमेलनात भाषण करू नये, असं माझं म्हणणं नाहीच. बाईंनी काम मागितलं, तुम्ही टाळ्या मागितल्या. ‘आवाज नाही आला’ असं तुम्ही नऊ वेळा म्हणालात.

आणखी एक प्रमुख पाहुणे आठवतात, ते तर आमच्या घरचेच. अकोल्याला १९०८ साली शिवजयंतीची सभा होती, टिळक यायचे होते. गजानन महाराजांनी यावं म्हणून मंडळी शेगावला गेली. दासगणूंच्या विजय ग्रंथात ही कथा आहे. महाराज म्हणाले, येतो, आसनावर उगी बसून राहीन, सभेची शांतता मोडणार नाही. मंचावर गप्प बसायचं आगाऊ कबूल करणारा प्रमुख पाहुणा! आमच्या प्रोटोकॉल समितीनं त्या अध्यायाचं पारायण ठेवावं, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन मिळेल असं वाटत नाही.

मी उगवण चाचणी घेतली, हेही नोंदवून ठेवा. सोयाबीनचे शंभरातले सत्तर दाणे उगवले पाहिजेत, असा नियम आहे. माझ्याकडे शंभर सभासद नव्हते. संमेलनानंतर पंधरा दिवसांत दुकानात किंवा दुकानासमोरून गेलेले पहिले दहा धरले आणि प्रत्येकाला विचारलं, वक्त्यांनी काय सांगितलं? तिघांना गरुड आठवला. दोघांना ऑर्केस्ट्रातली गायिका. एकाला पनीर. दोघं त्या वेळी बाहेर टपरीवर होते. एक म्हणाला, जबरदस्त! काय जबरदस्त, असं विचारल्यावर म्हणाला, ते सांगता येत नाही, अनुभवावं लागतं. दहावे आमचे अध्यक्ष. ते म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावू, आता ओळख झालीय, थोडं कमी करतील. ऐकल्यावर तुम्ही काय केलंत, हा माझा दुसरा प्रश्न होता. तो विचारल्यावर सगळेच युरियाचा भाव विचारायला लागले.

ऑर्केस्ट्राबद्दल माझी काही तक्रार नाही. अकोल्याची मंडळी होती. कुणाचं आयुष्य बदलून देतो असं त्यांनी कबूल केलं नव्हतं. ‘झिंगाट’ वाजवलं आणि साठी ओलांडलेले तीन माजी अध्यक्ष नाचले, त्यातल्या एकाची बायपास झालेली. सांगितलं ते दिलं, पैसे घेतले, वायरी गुंडाळल्या, गेले. याला म्हणतात निळा टॅग. नाच मी प्रत्यक्ष पाहिला नाही, ग्रुपवर व्हिडिओ आला. नाच आणि त्यानंतरची ‘फेलोशिप’, जिच्यात ग्लास कायम भरलेला असतो, दोन्ही हुकलं, त्याला कारण तुम्ही.

तुमचं भाषण संपलं पावणेसहाला. मग तुमच्यासोबत सेल्फी. मग तुमच्या पुस्तकांची विक्री, सहीसकट. मग गव्हर्नरसाहेब चहाला. मशीनवाटप सुरू झालं तेव्हा सव्वासहा वाजून गेले होते. सात बायांना मंचावर उभं केलं, प्रत्येकीचा हात मशीनवर, मशीनवर आमच्या क्लबाचा स्टिकर, स्टिकर झाकला जाऊ नये म्हणून फोटोग्राफरनं दोघींचे पदर बाजूला करायला लावले. तुम्ही मधोमध. फोटो छान आलाय. तुमच्या पेजवर आहे, खाली ‘एम्पॉवर्ड’ लिहिलंय. त्या बायांची शेवटची एसटी सहाला होती. हे त्यांनी दुपारी तीनला एका बिल्ल्यावाल्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, होईल, होईल.

तर दुकानाचा छोटा हत्ती टेम्पो काढला. मागे सात मशीनं दोरीनं आवळली, मधल्या जागेत पाच बाया, दोघी पुढं माझ्याशेजारी. शेगाव तालुक्यातल्या बाईला तिच्या गावाच्या फाट्यावर उतरवलं. ती उतरताना कुणी काही बोललं नाही. मशीन तिच्या भावानं डोक्यावर घेतलं. पुढं खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडली तेव्हा आठ वाजत आले होते. काचेतून गार वारा लागत होता. मला वाटलं, या आता मला बोलणार. वेळेबद्दल, उपाशी ठेवल्याबद्दल, काहीतरी. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती, पाऊस कमी पडला या धर्तीची.

शेजारची बाई बराच वेळ गप्प होती. सात एकर होती, आता तीन राहिली, दरवर्षी माझ्याकडूनच सोयाबीन नेते, असं मधे एकदा सांगून झालं होतं. पूल ओलांडल्यावर ती म्हणाली,

“भाऊ, थे साहेब सांगत व्हते ना, गरुडाचं. थो चोच फोडून घेते मने.”

म्हटलं, हो, तसं म्हणाले ते.

“मंग नवी येईलोक थो खाते काय?”

मला सांगता आलं नाही. तुम्हाला विचारून कळवतो, असा शब्द देऊन बसलोय. उत्तर शक्यतो जूनच्या आत पाठवा. मृगाचा पाऊस पडला की बाई बियाण्याच्या बॅगेसाठी दुकानात येतील. पावतीची झेरॉक्स आणि टॅग सोबत जोडला आहे. पिशवीही जोडणार होतो, पण आमच्या सूत्रसंचालिका ती द्यायला तयार नाहीत. कापडी आहे, तुमचा फोटो आहे, भाजीला बरी पडते म्हणतात.

आपला,
सदस्य, स्वागत समिती (वाहन व्यवस्था)